रान आलं की वाजणारा फोन

मी जनावरांची डॉक्टर. माझी पहिली काही वर्षं सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातल्या एका दवाखान्यात गेली. कुठल्या म्हशीला कोणतं औषध दिलं ते मला वर्षभरानंतरही आठवायचं, पण निघताना बर्फाची पेटी गाडीत ठेवायचं मात्र मी हमखास विसरायचे. एकदा तर सव्वीस किलोमीटर जाऊन पोचल्यावर लक्षात आलं की लस दवाखान्याच्या फ्रिजमध्येच राहिलीय. ऐंशी शेळ्या दावणीला बांधून लोक वाट बघत बसले होते. त्यांच्याकडे पाठ करून गाडी परत वळवताना मी ठरवलं, की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

उपाय माझ्या दिरानं दाखवला. फोनमध्ये नकाशावर एक जागा निवडायची आणि तिथं काय आठवायला हवं ते लिहून ठेवायचं. आपण त्या जागी पोचलो किंवा तिथून निघालो की फोन वाजतो. मी पहिली आठवण दवाखान्याच्या फाटकावर लावली, "पेटी घेतली का?" त्या दिवसापासून लस कधी मागं राहिली नाही. मग मला सोसच लागला. एका पुलावर म्हशीचे टाके, एका फाट्यावर कालवडीची तपासणी, अशी महिन्याभरात तालुकाभर माझी कामं पेरून झाली. मलमपट्टी करणारे आमचे ड्रेसर म्हणायचे, "मॅडम, तुमचा फोन आता एकटाच फिरतीवर पाठवा."

त्या वर्षी दिवाळीनंतर विट्याच्या रस्त्याला बाजरीच्या एका मोकळ्या रानात मेंढरं बसली होती. कळप एका मावशींचा होता. वय साठीच्या पुढं, आवाज असा की दोन रानं पलीकडचं कुत्रं मागं फिरेल. त्यांनी नवीन मेंढ्या विकत घेतल्या होत्या. त्यांना मी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन मेंढ्या दगावतात त्या रोगाची, लस टोचली. दुसरा डोस पंधरा दिवसांनी द्यायचा होता. त्या रस्त्याला माझी फेरी साधारण तेवढ्याच दिवसांनी असायची, म्हणून मी त्या रानावर आठवण लावली आणि निर्धास्त झाले.

पंधराव्या दिवशी फोन बरोबर त्याच बांधाशी वाजला. गाडी थांबवली तर रान नांगरलेलं, मेंढरांचा पत्ता नाही. मावशींचा फोन बंद. शेताचा मालक म्हणाला, "त्यास्नी जाऊन आठ दिवस झालं. खाली कराडच्या अंगाला गेल्यात."

मेंढरं एका जागी राहत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी आठवण रानाला बांधली होती. स्वतःचाच राग आला, पण राग करत बसायला वेळ नव्हता. रविवारी पेटी घेऊन निघाले. प्रत्येक फाट्यावरच्या चहावाल्याला विचारत विचारत कडेपूरच्या पुढं उसाच्या पट्ट्यात कळप सापडला.

"आवं, तुमी हितवर आलासा?" मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मी फोनचा प्रकार सांगितला तेव्हा त्या मनापासून हसल्या. "तुमच्या फोनला रान ठावं झालं, पर आमचा मुक्काम त्याला कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

लस टोचून झाली. मग मावशींची सून मेंढ्यांचं दूध घातलेला चहा घेऊन आली. मुलगी दहावी शिकलेली, लग्न होऊन जेमतेम सहा महिने झालेले, आणि मेंढरांमागं गावोगाव फिरायची ही तिची पहिलीच वाट. तिच्याकडे काच तडकलेला पण चालू फोन होता. मी तिला शेजारी बसवलं. मावशी परतीच्या वाटेवरचे मुक्काम सांगत गेल्या, सून नकाशावर ओढा, देऊळ, पाण्याची टाकी शोधत गेली. प्रत्येक जागेला मावशींकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं. इथल्या विहिरीचा मालक भला हाय. इथं कुत्री लय. इथं जंताच्या डोसाचं बगा.

एका जागेला त्या थांबल्या. "हितं डाव्या हाताला जोंधळ्याचं रान हाय. कापून झाल्यावर बुडातनं कवळं फुटवं येत्यात. दोन सालामागं मेंढरं त्यात घुसली. तासाभरात नऊ गेली माझी. पोट फुगलं, पाय झाडलं, संपलं."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. "आत्याबाई, हे मला कवा बोलला न्हाई तुमी."

"तू कवा इचारलंस?"

कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, हे मी पुस्तकात शिकले होते आणि जनावरं दगावलेली पाहिलीही होती. पण ते नेमकं कुठल्या रानात आहे हे फक्त मावशींना माहीत होतं. सुनेनं तिथं आठवण लिहिली. फोन अगदी जवळ गेल्यावरच वाजला असता, तोवर पुढची मेंढरं रानात शिरली असती. म्हणून मी तिला त्या जागेभोवतीचं वर्तुळ मोठं करायला शिकवलं. तिनं ते मला मागं सारून स्वतःच केलं, आणि आणखी दोन मुक्कामांची वर्तुळंही न सांगता मोठी केली.

उन्हाळ्यात परतीच्या तोंडाला मावशींच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले. मुलगा त्यांना घेऊन मिरजेला गेला, ऑपरेशन ठरलं. मेंढरं घेऊन परत यायचं काम सून आणि तिचा चुलत सासरा यांच्यावर आलं.

वाटेत जे घडलं ते तिनं त्याच दिवशी संध्याकाळी मला फोन करून सांगितलं. दुपारची वेळ, मेंढरं उपाशी, सासरा पुढं. तेवढ्यात फोन वाजला: डाव्या हाताचं रान, कवळा जोंधळा, मेंढरं वळवा. तिनं हाक मारली, "मामा, डावीकडं नगा नेऊ!"

"का गं? रान मोकळं हाय की."

"खाली फुटवं असत्यात. फोनवर लिवलंय."

"मेंढरं राखायला आता फोन शिकिवणार व्हय मला?"

"फोन न्हाई वं. आत्याबाई सांगत्यात."

सासरा तिथंच उभा राहिला. मग बांधावर चढून त्यानं खाली वाकून बघितलं. वाळक्या सडांच्या बुडाशी वीतभर हिरवे फुटवे होते. त्यानं कुत्र्यांना शीळ घातली आणि दोघांनी मिळून कळप उजवीकडे ओढ्याच्या अंगाला काढला. तीन-चार मेंढ्या तरी वळून बांधाकडे पळाल्या. सुनेनं चप्पल हातात घेऊन धावत त्यांना परत आणलं. एकही मेंढरू दगावलं नाही.

हे सांगताना तिला धाप लागली होती, पण आवाज मोकळा होता. "मॅडम, मामा आता म्होरच्या मुक्कामाला काय लिवलंय ते सारखं इचारत्यात."

दुसऱ्या दिवशी मला मिरजेत काम होतं. मावशींना बघायला दवाखान्यात गेले. मावशी खाटेवर, हाताला सलाईन, चेहरा उतरलेला. मुलगा खाली सतरंजीवर झोपला होता. मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल, निदान हसतील तरी.

"कुठल्या अंगाला वळिवली?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडं. ओढ्याच्या बाजूला."

"मग बराबर हाय. तिकडं झऱ्याला पाणी असतंय." त्यांनी कूस बदलली, सलाईनची नळी सावरली. "पोरगी कळप न्हेईल आता," म्हणाल्या, आणि डोळे मिटले.