छोटी जेट बोट माणूस ओढेल का? वैनगंगेच्या फुगवट्यावरचे दोन दिवस

शुक्रवारी दुपारी शेवटचा तास संपवून स्टाफरूममध्ये डबा उघडला, तेवढ्यात प्रणालीचा फोन आला. प्रणाली म्हणजे माझ्या मामेबहिणीची, निर्मलाची मुलगी. वय चोवीस. दोन वर्षं गोव्यात पर्यटकांच्या बोटी चालवून ती नुकतीच घरी परतली आहे.

"मावशी, तू फिजिक्स शिकवते ना? मंग सांग, लहान जेट बोट मागं दोर बांधून माणसाले ओढू शकते का?"

मी म्हटलं, बोट केवढी, माणूस केवढा, ते कळल्याशिवाय कसं सांगू?

"तं येऊन पाय ना. सोमवारी बोट वापस न्यायले ट्रक येऊन राहिला."

मला असे प्रश्न कुणी विचारले की घरी बसवत नाही. बारावीच्या पेपरांचा गठ्ठा कपाटात कोंबला, वही, कॅल्क्युलेटर आणि जुना पंजाबी ड्रेस पिशवीत टाकला, आणि शनिवारी सकाळी नागपूरहून भंडाऱ्याची लालपरी पकडली. तुम्हालाही जायचं असेल तर सांगते: दीड-पावणेदोन तास लागतात, रस्ता चांगला आहे, आणि बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट. भंडाऱ्याला पवनीकडची गाडी धरायची. मधल्या वेळात स्टँडबाहेर तर्रीपोहे खाऊन घ्या. तर्री जपून मागा. मी जपून मागितली नाही आणि पुढचा तासभर नाक पुसत बसले.

पवनी रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि मध्ये धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. खिडकीजवळची जागा सोडू नका, कारण मध्येच एका वळणावर धरणाचा फुगवटा दिसतो. वैनगंगा इथे नदी वाटतच नाही. पलीकडचा काठ पुसट, मध्ये बुडालेल्या झाडांचे शेंडे, त्यांवर पाणकावळे.

फाट्यावर प्रणालीचे बाबा, देवराम भाऊजी, मोटरसायकल घेऊन उभे होते. भाऊजी धान करतात आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतात. आसपासच्या दहा गावांत पंप बंद पडला की यांनाच बोलावतात. फार बोलत नाहीत. वाटेत एवढंच म्हणाले, "पोरगीचं मन लागलं आहे जी त्या बोटीवर. ओढली तं ठेवू. नाही तं ती गोव्याले चालली."

म्हणजे सगळं त्या दोराला टांगलेलं होतं. बोट जुनी, एका ओळखीच्या माणसाकडून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेली. इथे काठावर फिरायला येणाऱ्यांना रबरी ट्यूबवर बसवून बोटीमागे ओढायचं, असा प्रणालीचा बेत होता. नुसती फेरी मारणाऱ्या बोटी दुसरीकडेही असतात, ओढणारी जवळपास कुठे नाही. तिची परवानगीची कागदपत्रं तयार होती. पण बोट ओढत नसेल तर कागदांचं काय करायचं? गोव्याच्या मालकाने तिची जागा सोमवारपर्यंत अडवून ठेवली होती.

निर्मलाने जेवायला वाढलं: चिन्नोरचा भात, पातोडीचा रस्सा, वर शिंगाड्याची भाजी. या भाताचा वास भांडं उघडल्याबरोबर ओसरीपर्यंत जातो. येताना दोन किलो तांदूळ बांधून आणा, पस्तावणार नाही.

"ताई, तू हिले समजावून सांग," निर्मला म्हणाली. "जे खरं असन ते सांग. मंग आमी काई म्हणणार नाही."

दुपारी काठावर गेलो. बोट छोटीशी, चार जणांची, पिवळी. ज्यांनी जेट बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. हिला मागे पंखा नसतो. पोटाखालच्या तोंडातून ही पाणी ओढून घेते आणि मागच्या नळीतून जोरात फेकते. त्या फेकण्याने पुढे जाते. पाण्यातल्या माणसाला पंखा लागायची भीती नाही, म्हणून प्रणालीने मुद्दाम हीच निवडली.

प्रणाली सुकाणूवर, भाऊजी मागे तोंड करून, आणि मी लाइफ जॅकेट घालून ट्यूबवर. वय त्रेपन्न, वजन विचारू नका. दोर ताणला, इंजिन ओरडलं आणि मी निघाले. निघाले म्हणजे काय, गाळातून म्हैस निघावी तशी. बोटीचं नाक वर, शेपूट खाली, आणि तिने उडवलेलं सगळं पाणी माझ्या तोंडावर. ट्यूब पाण्यावर उठून सरकायला हवी होती, ती पाणी ढकलत राहिली. तीन फेऱ्यांनंतर प्रणालीने इंजिन बंद केलं.

"पहिल्या दिवशी रिकामी बोट उडत होती मावशी," ती म्हणाली. "ओझं लावलं का बसून जाते. रोज असंच होऊन राहिलं."

थंडीने दात वाजत असताना मी ओसरीवर वही उघडली. इंजिनाची ताकद, बोटीचं वजन, तिघांचं वजन, पाण्याचा विरोध. दोन पानं आकडेमोड केली आणि खाली रेघ मारून लिहिलं: शक्ती अपुरी. मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं, हे कबूल करते. गणित सुटलं की मला नेहमीच बरं वाटतं. पान फाडून प्रणालीला दिलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि "ठीक आहे" म्हणाली. मग ती अंगणात जाऊन फोनवर बोलत बसली. निर्मला आत निघून गेली.

रविवारी सकाळी उठले तर मलाच चैन नव्हतं. आकडेमोड अंदाजाची होती. बोट प्रत्यक्षात किती ओढते, हे मोजलंच नव्हतं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी वही भिरकावली असती. भाऊजींच्या घरी धानाची पोती तोलायचा हुकचा काटा भिंतीला लटकत होता, तो काढला आणि म्हटलं, हा दोराच्या मध्ये अडकवू, ओढ किती किलोची ते दिसेल.

"आता कायले मावशी?" प्रणाली म्हणाली. पण आली.

काट्यावरचे आकडे वाचायला मला बोटीत बसणं भाग होतं. म्हणून ट्यूबवर निर्मला बसली, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, वर नारिंगी जॅकेट. आणि मागे पाहायच्या जागेवर मी बसले, तेव्हा भाऊजी काठावर राहिले. बोट आल्यापासून ते काठावर राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

काटा पन्नाशीच्या पुढे जाईना. इंजिन मात्र जीव तोडून ओरडत होतं. मी आकडा लिहीत होते, तेवढ्यात काठावरून भाऊजी दोन्ही हात हलवताना दिसले. आधी मला वाटलं, निर्मलासाठी घाबरले. जवळ गेलो तर म्हणाले, "बंद कर. पंप उपाशी आहे."

"कोणता पंप?" मी विचारलं.

"हाच तं पंप आहे ना जी. पाणी घ्यायचं, पाणी फेकायचं. दुसरं काय आहे हे? आत बसून आवाज समजे नाही. इथून ऐकलं. पाणी नाही भेटलं का मोटर अशीच बोंबलते."

आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा पडला. पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरत म्हणाले, "किल्ली दे इकडे." पंपात हात घालण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवायची त्यांची सवय आहे. किल्ली खिशात गेली, मग हात बोटीच्या पोटाखाली गेले. बराच वेळ चाचपल्यावर त्यांनी खिशातला चाकू चालवला आणि एक ओला, हिरवा गोळा वर काढला. दुहेरी घडीची नायलॉनची जाळी, तिला बांधायची तार, आणि जाळीवर थापलेलं बोटभर शेवाळ आणि वेली.

"हे कुठून आलं?" प्रणालीने विचारलं.

"मीच बांधलं," भाऊजी म्हणाले. "बोट आली त्या दिवशी पहिली फेरी मारून तू जॅकेट आणायले भंडाऱ्याले गेली होती. ट्रॉलीवर होती तेव्हा खालून बांधलं. तलावात पंप सोडायचा तं तोंडाले जाळी नाही बांधायची का?"

हे सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. इथे तळ्यात पंपाची नळी सोडताना तिच्या तोंडाला टोपली नाहीतर जाळी बांधतातच, आपण दाराला कडी लावतो तितक्या सवयीने. पण शेताचा पंप जेवढं पाणी दिवसभरात ओढतो, तेवढं ही बोट चहा पिऊन होईपर्यंत ओढते. शेवाळ जाळीवर चिकटायचं आणि तिचा घसा आवळायचं. पहिल्या दिवशी रिकामी बोट उडाली, कारण तेव्हा जाळी नव्हती. ओझं आणि जाळी पाठोपाठच आली आणि आम्ही सगळ्यांनी दोष ओझ्याला दिला.

प्रणालीने ती जाळी हातात घेतली, वडिलांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बसा बाबा मागं. आई, पकडून ठेव."

या वेळी मी काठावर राहिले, काटा भाऊजींनी वाचला. दोर ताणला, काटा एकशे दहावर गेला (हे त्यांनी ओरडून सांगितलं), आणि निर्मलाची ट्यूब पाण्यातून वर उठली. उठल्यावर ओढ साठावर उतरली, वेग मात्र वाढला. निर्मला आधी ओरडत होती, मग हसायला लागली. एवढी मोठ्याने हसताना मी तिला लग्नानंतर पाहिलेलं नव्हतं. मला दोन पानांची आकडेमोड आठवून तोंड लपवावंसं वाटलं.

मग दोघींना ओढून पाहिलं, निर्मलाला आणि मला. नाही जमलं. बोट धडपडली, ट्यूब अर्धी उठली आणि पुन्हा बसली. भाऊजी म्हणाले, "मी उतरतो. माझं वजन गेलं का उठन."

खरंच उठली असती. प्रणाली म्हणाली, "मागं पाहणारा नसन तं मी दोरच नाही बांधत, बाबा. माणूस पडला तं मले समोरून दिसणार का?"

तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: अशी छोटी जेट बोट ओढते. एक चालवणारा, एक मागे पाहणारा आणि ट्यूबवर एकच माणूस. दोघांना बसवतो म्हणणारा कुणी भेटला तर मागे पाहणारा आहे का ते आधी बघा. नसेल तर काठावर बसून शिंगाडे खा. आणि रोज सुरुवात करण्याआधी किल्ली काढून खालचं तोंड साफ करायचं, हे भाऊजींनी स्वतःच ठरवून टाकलं. जाळी नाही, हात.

पण एकाच माणसाला ओढून धंदा चालेल का, हे गणित माझं नव्हतं. लोक जोडीने येतात, पोरंटोरं घेऊन येतात. प्रणाली दुपारभर काठावर एकटीच बसून होती. चारच्या गाडीने मी निघाले तेव्हाही ती तिथेच होती.

नागपूरला पोहोचले तेव्हा दंड असे भरून आले होते की सोमवारी फळ्यावर खांद्याच्या वर लिहिता येईना. मुलांना पंप शिकवायचा होता, आणि मी पुस्तक मिटून जाळीची गोष्ट सांगितली. तास संपला आणि निर्मलाचा फोन आला.

"ताई, ट्रक रिकामाच गेला. बोट ठेवली तिनं. म्हणते, एका टायमाले एकच ओढीन, ज्याले थांबायचं तो थांबन. मागं हे बसणार आहेत."

मी म्हटलं, छान झालं.

"तिनं शनिवारीच गोव्याले हो म्हणून सांगितलं होतं," निर्मला म्हणाली. "तुझा कागद वाचला आणि लगेच फोन केला. मी रात्रीच तिची बॅग भरून ठेवली होती, लाडू गिडू घालून. आत्ता मीच रिकामी करून राहिली."

फोनवर डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मला तिची माफी मागायची होती. पण मी विचारलं, लाडू कशाचे, आणि ती सांगत राहिली.