खालच्या लोकांचं पाणी

“खाली लोकं पिऊन राहिले नं, बाप्पा!” हे बाईंचं ठरलेलं वाक्य. जाळीतला कचरा काढायचा कोणी आळस केला की हेच, टाकीत विडीचं थोटूक पडलं की हेच.

भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान शहराचं सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात आम्ही दोघंही ठेकेदाराची माणसं. मी पंपावर, बाई टाक्यांवर. बाई दिघोरीकडच्या, धान पिकवणाऱ्या घरातल्या. पन्नाशी उलटलेली, साडीवर पुरुषी शर्ट, पायात गमबूट. शहराची घाण आमच्याकडे काळी यायची आणि नितळ होऊन नाल्यातून वैनगंगेत जायची. मधलं काम टाकीतले जिवाणू करायचे. बाई त्यांना ‘माह्ये मजूर’ म्हणत. “थे घाण खातात. आपन फक्त त्याईले हवा द्याची.”

एकदा शाळेची मुलं बघायला आली आणि आत शिरताच त्यांनी नाकं दाबली. बाई कडाडल्या, “नाक काहून दाबता? तुमच्याच घरचं होय!” मुलं हसली. मग बाईंनीच एकेकाला शेवटच्या टाकीवर नेऊन स्वच्छ पाणी दाखवलं.

त्या उन्हाळ्यात टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राचे पट्टे तुटले. दुसरे पट्टे बाईंनी तीनदा मागितले होते, आले नव्हते. ठेकेदाराचा सुपरवायझर मोटारसायकलवरून आला आणि मला म्हणाला, “बाजूचं गेट उघड. दोन-चार दिवस घाण पाणी सरळ नाल्यात जाऊ दे. रजिस्टरात ‘यंत्र सुरू’ लिही.”

नाला नदीला मिळतो तिथून जरा खाली नदीतच तीन गावांच्या नळाची विहीर आहे. हे मला माहीत होतं. तरी मी गेट उघडायच्या चाकाला हात घातला. तुम्हीही असे हुकूम ऐकले असतील. हात आधी हलतो.

बाई आल्या आणि सरळ चाकावरच बसल्या.

“उठा बाई,” सुपरवायझर म्हणाला.

“नाही उठत.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ द्या. खाली लोकं पिऊन राहिले नं, बाप्पा!”

“टाकी भरून वाहिली तर?”

“संध्याकाळवरी नाही भरत. मी रोज मोजतो नं.”

सुपरवायझर फोनवर बोलत बाहेर गेला. बाईंनी गेटला साखळी घातली, स्वतःचं कुलूप लावलं, तुटका पट्टा खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, तेच जास्त लागलं. “भाऊ, तू पंप हळू चालव. मी येतो.”

राइस मिलमध्ये त्याच मापाचे पट्टे असतात, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाई मिलवाल्याशी भांडून, विनवून तीन पट्टे घेऊन आल्या. आम्ही दोघांनी ते चढवले. दुपार कलताना यंत्र घरघरलं, टाकीत बुडबुडे उठले. बाई कठड्याला टेकून चक्क रडल्या.

आठवड्यानं त्यांना काढलं. “काढा,” बाई म्हणाल्या, “पन काहून काढलं, थे लिहून द्या.” कोणी देईना. बाई डबा घेऊन तीन दिवस फाटकासमोर बसल्या. चौथ्या दिवशी पत्र मिळालं. ‘वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार गेट उघडण्यास नकार दिल्यामुळे.’ त्यांनी ते आम्हा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि गावी निघून गेल्या.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. ते पत्र समोरच्या भिंतीवर काच लावून टांगलेलं. बाई शेतात धानाच्या रोवणीला होत्या, गुडघाभर चिखलात.

“गेटाचं काय?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“चार दिवसांपूर्वी पुन्हा उघडायला सांगितलं होतं.”

“मंग?”

“नाही उघडलं. मी बसलो चाकावर.”

बाईंनी हातातली रोपांची जुडी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं.

“मंग भाऊ, तुलेही पत्र भेटंन. भिंतीवर जागा करून ठेव.”