हादरा बसला तेव्हा आई कुठे होती

आधीच सांगून टाकते — या ग्रुपवर मी इतकी वर्षं आहे ती फक्त हसायला. ऑफिसात डबा खाताना तुमचे अनुभव मी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही सगळ्या जणी खिदळायचो. पांढरी साडी, सुनसान हायवे, लिफ्ट मागणारी बाई... कायच्या काय! भुतंखेतं, अंगात येणं, कौल लावणं, यातलं काही मी कधी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यामुळे आज तुम्ही मला हसलात तर ते रास्तच आहे. हसा. पण शेवटपर्यंत वाचा, आणि कुणाला यातलं काही कळत असेल तर मला सांगा.

मी डहाणूला राहते. सरकारी नोकरी आहे, लग्न केलेलं नाही, पन्नाशी उलटून गेलीय. ऑफिसात मला फटकळ म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि ते खरंच आहे. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. वडील रेल्वेत होते, बदली होऊन डहाणू रोडला आले आणि इथलेच होऊन गेले. आई मात्र इथली झाली नाही. मासळी बाजारावरून जायचं म्हटलं की हिचा पदर नाकाला. गुजराती शेजारणीशी "केम छो"च्या पुढे गाडी सरकली नाही. "आपली माणसं तिकडे राहिली गं," हे तिचं कायमचं पालुपद.

वडील गेल्यावर तिला विसरायला व्हायला लागलं. आधी गॅस, मग देवाची आरती, मग माझं नाव. शेवटी मी कोण तेही गेलं. मला "अहो बाई" म्हणायची. पोटच्या पोरीला "अहो बाई"! मी अंघोळ घालायचे, भरवायचे, वेणी घालायचे, आणि ती अवघडून बसायची, परक्याकडून करून घेतल्यासारखी. शेवटचं वर्षभर तर तिच्याजवळ एकच वाक्य उरलं होतं — "मला घरी सोडा हो."

"अगं आई, हेच आपलं घर."

जरा वेळाने पुन्हा, "मला घरी सोडा हो." त्या एका वाक्याने मी अर्धी झाले होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, पुढे लागेल. आईच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकायचं नाही. मी बालवाडीत असताना रेल्वे क्वार्टरच्या दारात ते चिरडलं होतं. तेव्हापासून सरळच्या सरळ. शाळेत सोडताना ती माझा हात धरायची तेव्हा बाकीची बोटं मिटायची आणि हे एक माझ्या मनगटावर लांब टेकलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असाच हात धरतात.

आता हादऱ्यांबद्दल. डहाणू-तलासरी भागातल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहिते. आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते. मोठं काही नसतं, भांडी वाजतात, पंखा झुलतो, कुठे भिंतीला चीर जाते. पण माणसांना आता सवयच लागलीय — हलायला लागलं की शेजारी जो असेल त्याचा हात धरायचा आणि उघड्यावर यायचं. ओळख असो नसो. जमीन शांत झाली की हात सोडायचा आणि आपल्या कामाला लागायचं. त्यावर नंतर कुणी बोलतही नाही.

तो रविवार होता, माघातला. मी सकाळी ओट्याशी पोह्यांना फोडणी देत होते. आई आतल्या खोलीत होती, म्हणजे मला तसं वाटत होतं. कढई एकदम सरकली, कपबशा खळखळल्या. मी "आई!" म्हणून ओरडले, गॅस बंद केला आणि तिला उचलायला आत धावले. पलंग रिकामा. पांघरूण घडी घालून ठेवलेलं... जिला साधा रुमाल घडी करता येत नव्हता, तिने. बाहेरच्या दाराची कडी काढलेली. मी रिकाम्या पलंगासमोर उभी आणि पायाखालची फरशी अजून हलतेय. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

खाली अख्खी सोसायटी एकमेकांचे हात धरून उभी होती. आई कुणीच पाहिली नव्हती. गेटवरचा कॅमेरा निव्वळ शोभेचा. स्टेशन पाहिलं, समुद्रकिनारा पाहिला, सरकारी दवाखाना पाहिला, पोलिसांत तक्रार दिली. बडोद्याहून भाऊ आला. आम्ही आईचा फोटो आणि माझा नंबर सगळीकडे पाठवला. बोटाचं त्यात काही लिहिलं नव्हतं. घाईत सुचलंच नाही.

पहिला फोन आला धाकट्या डहाणूहून. जमना नावाची बाई, नवऱ्याची बोट आहे, ही बोंबील सुकवते. भाऊ आणि मी रिक्षा करून गेलो. खाडीच्या कडेला बांबूचे आडवे दांडे बांधलेले, त्यावर बोंबलांच्या जोड्या, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून टांगलेल्या.

"इथंच बसली होती," जमना म्हणाली. "येऊन बसली नि माझ्यासंगती बोंबील अडकवायला लागली."

"माझी आई? बोंबलाला हात लावला?" मला हसूच आलं. "अहो, ती वास आला तरी दोन घरं पलीकडून जायची."

"हात लावला काय म्हणतेस ताय, माझ्यापेक्षा भरभर करत होती!"

"मग तुम्ही विचारलं नाही, तुम्ही कोण, कुठल्या?" माझा आवाज चढला.

जमना माझ्याकडे बघतच राहिली. "कामाला बसलेल्या बाईला कोण इचारतो गो, तू कुठली म्हणून? मला वाटलं शेजारच्या घरची पावणी. हरवलेलं माणूस रडतं, वाट इचारतं. ही तर गप्पा मारत होती. आमच्यासारखंच बोलत होती, एक शब्द इकडेतिकडे नाय."

आमच्या भागात हे असंच आहे. अंगणात कुणी निवडत-सोलत बसलं असेल आणि येणारी बाई टेकली, की तिचे हात आपोआप त्या कामात जातात. आणि जिचे हात कामात आहेत ती आपली. तिची चौकशी करणं म्हणजे तिचा अपमान.

"मग हादरा बसला," जमना सांगत होती, "तिने माझा हात धरला, असा." आणि तिने माझा हात धरला. चार बोटं मिटली आणि मधलं बोट माझ्या मनगटावर सरळ, लांब टेकवलं.

भाऊ दुसरीकडे बघायला लागला.

"मग म्हणाली, येते गो, घरी पोरगी घाबरली असंल. नि गेली. स्टेशनाच्या वाटेने गेली."

घरी पोरगी... जिला मी अहो बाई होते, ती म्हणाली, घरी पोरगी घाबरली असेल. मी तिथे वाळूत बसले आणि रडले. आई बरी झाली होती, हेच माझ्या डोक्यात. ती बरी झाली होती आणि माझ्याकडे यायला निघाली होती. आम्ही खाडीपासून घरापर्यंतचा रस्ता पिंजून काढला. कुठे काही नाही.

दोन दिवसांनी रानशेतहून कुणाचा तरी फोन आला आणि आम्ही दोघं तिकडे गेलो. तिथल्या पाड्यावर लाडकी नावाची बाई राहते, मजुरीला जाते. रविवारी घरी होती, अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. आई येऊन बसली आणि शेंगा सोलायला लागली, म्हणे.

"कधी? दुपारी?"

"दुपारी कशी? हादरा झाला ना, तेव्हा माझ्याजवळच होती."

"ते शक्यच नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "तेव्हा ती धाकट्या डहाणूला होती! तुम्ही दुसरा कुठला तरी हादरा सांगताय."

"त्या दिशी एकच झाला, बाय," लाडकी शांतपणे म्हणाली. खरं होतं, एकच झाला होता. "पण ती तुझी आयस कशी असंल? ती तर आमच्यातली होती. आमचंच बोलत होती. माझा हात धरला तिने."

"कसा धरला?" भावाने विचारलं. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

लाडकीने माझा हात धरला. मधलं बोट सरळ, मनगटावर.

आणि मग तेच. येते बाय, माझी पोर एकटी आहे, घाबरली असंल. डहाणूच्या रस्त्याने गेली.

तिसरा फोन आला तोवर आम्ही दोघं एकमेकांशी बोलेनासे झालो होतो. तलासरीला एक किराणा दुकान आहे, तिथल्या हंसाबेन. रविवारी दुकानाच्या ओट्यावर गहू पाखडत होत्या. "बेन, ते तर आमच्या उमरगाम बाजूचे बा होते," त्या म्हणाल्या. बा म्हणजे त्यांच्याकडे म्हातारी आई. "कसला गोड गुजराती बोलत होते! माझ्या हातातून सूप घेतला नि पाखडायला बसले. मी चाय पण पाजला." मी काही विचारायच्या आत त्यांनीच माझा हात हातात घेतला. "जमीन हलली ना, तर बा ने माझा हात असा..."

मी हात ओढून घेतला. मला बघायचं नव्हतं. पण मनगटावर ते बोट टेकलंच होतं, एक क्षणभर.

"मग म्हणाले, दीकरी एकटी आहे, जाते."

बडोद्याला परत जाताना भाऊ म्हणाला, "ताई, लोकांना तुझी दया आली असेल गं. एकीने सांगितलं ते दुसरीच्या कानावर गेलं असेल."

"आणि बोट? ते आपण कुणाला सांगितलं होतं?"

त्याने बॅग उचलली. पुढल्या वर्षी त्याने बडोद्याच्या घरात आईच्या फोटोला हार घातला आणि मला म्हणाला, आता तूही घाल, पुरे कर. मी नाही घातला. कसा घालू? ती तीन गावांहून एकाच वेळी माझ्याकडे यायला निघालीय. कुठल्या तरी एका रस्त्यावर असेलच ना.

सगळे तर्क मी स्वतःच लढवून बघितलेत, कमेंटमध्ये पुन्हा लिहू नका. तीन वेगळ्या म्हाताऱ्या? तिघींचं तेच बोट? त्या तिघींची आपसात ओळख? माझ्यामुळे झाली ती, नंतर. आईला ना जमनाची मांगेली येत होती, ना लाडकीची वारली, ना गुजराती. मराठीसुद्धा उरली नव्हती.

आता कुठेही हादरा जाणवला की मला फोन येतात. जमना विचारते, हंसाबेन विचारतात. लाडकीकडे फोन नसतो, ती बाजाराला आली की माझ्या ऑफिसात येते, सोललेल्या वालाची पुडी टेबलावर ठेवते आणि म्हणते, "आयस आली की दे." मी घेते. फ्रीजमध्ये ठेवते. ऑफिसातल्या बायका आता हसत नाहीत, त्याही टेबलाशी येऊन गप्प उभ्या राहतात. मी जमनाकडे जाते तेव्हा बोंबील अडकवायला बसते. वास येतो, पण बसते. मला कुणी विचारत नाही मी कुठली. आई जन्मभर म्हणायची, आपली माणसं तिकडे राहिली. ती माणसं इथेच होती, खाडीवर, पाड्यावर, किराण्याच्या ओट्यावर. आईला ती एका सकाळी सापडली आणि तिच्यामुळे मला मिळाली. आणि खरं सांगू? मला नकोयत. माणसं चांगली आहेत, जीव लावतात, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. त्या सकाळी तिने सगळ्यांचा हात धरला. माझाच तेवढा राहिला.

उलगडा मला झालेला नाही, होईल असं वाटतही नाही. आता हादरा बसला की सोसायटी खाली धावते. मी नाही जात. आईच्या पलंगाच्या कडेवर बसते आणि हात पुढे करून ठेवते, लहानपणी करायचे तसा. खालून हाका मारतात, "मॅडम, खाली या, वेड लागलंय का?" लागलं असेल.

परवा पुन्हा हललं. कपबशा वाजल्या, थांबल्या. मी हात तसाच पुढे धरून बसले, तो दुखून भरून येईपर्यंत. मग फोन वाजला. जमना होती.

"आली काय गो ताय?"

"नाही गं," म्हटलं. "अजून नाही."