प्यादेमात आणि चौकातला फळा

हल्ली पोरं कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळतात आणि हरली की समोरच्याचं नाव 'लबाड' म्हणून साऱ्या दुनियेपुढं टाकतात. मला त्याचं काही कौतुक नाही. माझं नाव नव्वदीच्या दशकात, शेवगावात, कॉम्प्युटरशिवाय लागलं होतं. तेही रंगीत खडूनं.

मी विमा एजंट. माझं भांडवल म्हणजे माझा शब्द. संध्याकाळी सायकलच्या दुकानापुढं बाकड्यावर पट मांडला जायचा आणि तिथला बादशहा होता पेंटर. तालुक्यातल्या सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या. अक्षर असं, की म्हशीच्या पाठीवर त्यानं 'उंट' लिहिलं असतं तर म्हैस तिरकी चालली असती. आणि जे लिहील त्याच्या कोपऱ्यात स्वतःची सही, खाली नागमोडी शेपटी काढून.

एका संध्याकाळी पेंटरनं त्याचं प्यादं एकदम दोन घरं पुढं टाकून माझ्या प्याद्याशेजारी आणलं. मी माझं प्यादं त्याच्या मागच्या रिकाम्या घरात तिरकं सरकवलं आणि त्याचं प्यादं उचललं. नियमच आहे तसा. पुण्याच्या मेव्हण्याकडून मी तो शिकून आलो होतो. शेवगावात तो अजून पोचला नव्हता, एवढंच.

"ओ एजंट, ह्ये काय? मारलं कुनाला अन् बसले कुठं?"

"याला वाटेतला मार म्हणतात, पेंटर."

"वाटमारी म्हना की सरळ!"

अख्खं बाकडं हसलं. डाव मी जिंकला आणि पेंटर पट उधळून गेला. दुसऱ्या सकाळी चौकातल्या फळ्यावर, जिथं दहावे, वाढदिवस आणि नळाला पाणी कधी येणार ते लिहितात, तिथं माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पुढं : 'हे बुद्धिबळात प्यादी चोरतात. सावध!' कोपऱ्यात शेपटीवाली सही.

एस.टी.तल्या लोकांनी वाचलं आणि बोंब नेवाशापर्यंत गेली. एक ठरलेलं गिऱ्हाईक दारातूनच म्हणालं, "लाकडाचं प्यादं न सोडनारा मानूस, आमी मेल्यावर आमच्या बायकापोरांना काय सोडल?" बायको म्हणाली, "ते पुसून या, मगच ताटावर बसा." पण पुसलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं. मला पुसायचं नव्हतंच. मला त्याच फळ्यावर, त्याच्याच हातानं, त्याचंच नाव लिहून घ्यायचं होतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी फळ्याखालीच पट मांडला. "पेंटर, नियम तुमचे. वाटेतला मार नाही. हरेल त्यानं, जिंकणारा सांगेल ते फळ्यावर लिहायचं."

"लिहीन की! खडू कमी पडंल तुमची कीर्ती लिवताना."

माणसं अशी लोटली, की कांद्याच्या गोण्या आणि टेम्पोचे टप माणसांखाली दिसेनात. बैलसुद्धा रवंथ थांबवून बघत होते.

आमच्याकडे प्यादेमात म्हणजे मरणापेक्षा वाईट. वजिरानं मारलं तर माणूस चहा पिऊन घरी जातो, प्याद्यानं मारलं तर गल्ली बदलतो. आणि पट्टीचा खेळाडू डावाआधी एका प्याद्याला गुलाल लावतो. म्हणजे, बघ, याच्याच हातून तुला मात. मी खिशातली पुडी काढली, कडेच्या प्याद्याला गुलाल फासला आणि तोंड मिटलं. एक शब्द बोललो नाही.

पेंटर पेटला. वजीर, हत्ती, दोन्ही घोडे, सगळं सैन्य त्यानं त्या गुलालाच्या मागं लावलं. मी प्यादं एकेक घर पुढं काढून त्याला लांब, अगदी कडेला नेलं. शेवटी त्यानं ते मारलं आणि मुठीत धरून बाजाराला दाखवलं. टाळ्या पडल्या. त्याचा राजा तेव्हा पार एकटा उभा होता. मी मधलं, बिनगुलालाचं प्यादं एक घर सरकवलं.

"मात."

पेंटर पटावर वाकला. मग ओरडला, "लबाडी! गुलालाचं प्यादं तर माझ्या मुठीत हाय!"

गुळाचा व्यापारी म्हणाला, "आरं पेंटर, त्याच प्याद्यानी मारतो असं ते बोलले कवा? तोंड तरी उघडलं का त्यांनी?"

"ते प्यादं ठेवा तुम्हाला," मी म्हणालो. "आठवण म्हणून."

मग त्याला खडू दिला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला : त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, 'यांना भर बाजारात प्यादेमात झाली. ज्यांना चोर म्हणाले त्यांनीच केली.'

"नाव मोठं काढा, पेंटर. अक्षराला सावलीपण द्या."

दिली. वाईट अक्षर त्याला येतच नव्हतं. शेवटचं टिंब दिलं आणि हात सवयीनं कोपऱ्यात गेला. नाव, खाली नागमोडी शेपटी. बाजार खदखदला तेव्हा त्याला कळलं. पुसायला त्यानं बाही पुढं केली, मी मनगट धरलं.

"राहू द्या. सहीशिवाय हे तुमचं काम कुणाला खरं वाटायचं नाही."

दुपारी आभाळ आलं. मी धावत घरी गेलो, प्लॅस्टिकचा कागद आणला आणि फळ्यावर चारी बाजूंनी घट्ट बांधला.