अहिराच्या पोटात गाबोळी नसते

मी शहापूरची शाळामास्तरीण. घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, म्हणजे समुद्रातले मासे आणि त्यांच्यासाठी मुंबईहून ओढून आणलेलं पाणी. आमच्या शहापूर-मुरबाडच्या मत्स्यप्रेमी मंडळात खाऱ्याचे आम्ही तिघं, गोड्याचे नऊ. दर सभेत नऊ जण गप्पी माशांच्या बाळंतपणावर बोलणार आणि आम्ही जांभया देणार! शेवटी २००७ च्या डिसेंबरात आम्ही वेगळं मंडळ काढायचा कागद लिहिला. तो गोड्याचे म्होरके दामूकाका, मुरबाडचे निवृत्त पोस्टमन, यांच्या हातात द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला पहिला मासा काकांनीच दिला होता, त्यामुळे आधी नुसता फोन केला, बोलायचं आहे म्हणून.

काका फोनवर म्हणाले, "बोलू मग. आधी माज्यासंगं धसईला चल, एक मासा दाखवतो."

जाणार असाल तर शहापूरहून मुरबाडची सकाळची एसटी पकडा, तिथून धसईची. धसईच्या बाजारात वडापाव खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. जीपवाला माणशी दहा रुपये घेतो आणि कोंबून भरल्याशिवाय हलत नाही. शेवटचा तासभर कापणी झालेल्या खाचरांतून पायी.

ओढ्यावर ताराबाई भेटल्या, काकांच्या टपालफेरीतली जुनी ओळख. त्यांनी डोहात कोंबडीच्या आतड्याचा तुकडा सोडला. खडकाखालून माझ्या मनगटापेक्षा जाड, दोन हात लांब, सापासारखं काहीतरी निघालं, तुकडा गिळून सावकाश परत गेलं. मी चार पावलं मागे, हे कबूल करते.

"अहिर हाय, साप नाय, मासाच. घाबरू नको गो," ताराबाई हसल्या. "मासे कापन्यात जलम गेला माजा. शिंगटी माशात अंड्यांची गाबोळी, मळ्या माशात गाबोळी. अहिराच्या पोटात कदी अंडं बघितलं नाय. मंग पिल्लं येतात कुठनं?"

"गोड्यावाल्यांत कुनाला म्हाईत नाय," काका म्हणाले. "मी बी लय वर्सं इचारतोय."

मला माहीत होतं! खाऱ्या पाण्याच्या पुस्तकात वाचलं होतं, ईल या नावाखाली. अहिर पुरता वाढला की ओढ्यातून काळू नदीत जातो, काळूतून उल्हासात, तिथून खाडीत आणि मग खोल समुद्रात. तिथे अंडी घालून मरतो. काचेसारखी पारदर्शक पिल्लं उलटी चढत इथवर येतात. सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला. वाचलं तेव्हा ती नुसती माहिती होती.

"इथनं? दर्यापातूर?" म्हणत ताराबाईंनी डोहाला हात जोडले. नकळत मीही जोडले.

परतीच्या एसटीत काकांनी विचारलं, "तुला कायतरी बोलायचं व्हतं ना?"

मी कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"व्हा येगळे. आमी गप्पींचंच बोलतो, खरं हाय." मग हळूच म्हणाले, "तुमच्या खाऱ्यात मला घेशील का?"

कागद मी तिथेच परत मागून घेतला.

मंडळ एकच राहिलं. खाऱ्याची बैठक महिन्यातून एकदा वेगळी भरते, तिला काका सगळ्यांच्या आधी हजर असतात. गप्पींच्या बाळंतपणाला मला अजून जांभया येतात, तिथे माझी सुधारणा नाही. गेल्या महिन्यात समुद्राचं पाणी भरायला काकाही आले. गुडघाभर लाटांत उभे राहून त्यांनी समोर बोट दाखवलं.

"येवढ्या पान्यात अहिराला ती जागा कशी घावते गो?"

"ठाऊक नाही, काका," मी म्हणाले. "अजून कुणालाच ठाऊक नाही."