मास्तरांच्या जागी क्वांटम

गाडी फाटकातून आत आली की मास्तर आधी टायर बघायचे. टायरच्या मातीवरून ती कोणत्या रस्त्याने आली ते ओळखायचे, आणि ड्रायव्हरने थाप मारली असेल तर त्याची खरडपट्टी काढायचे. नांदुऱ्यातल्या आमच्या ट्रान्सपोर्टची कोणती गाडी कोणत्या रस्त्याने जाणार, हे वर्षानुवर्षं त्यांनीच ठरवलं. मी त्यांचा कारकून.

रस्ता ठरवताना ते माणूसही बघत. "शंकरले शुगर हाय बे, त्याले एकच्या आत जेवाले भेटलं पायजे," म्हणून त्याची लोणारची गाडी लांबून, ढाब्यावरून पाठवत. मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

मग मालकाने पुण्याहून दोन इंजिनिअर आणले. क्वांटम संगणक म्हणे परदेशात असतो. आपण इथून प्रश्न पाठवायचा, तो असंख्य रस्ते एका झटक्यात पडताळून सगळ्यात चांगला निवडतो. मास्तर चिडतील असं वाटलं होतं. ते तर खूश झाले! "एकाच टायमाले सगळ्या रस्त्यानं जाऊन येते म्हंता? मंग गाडी कुठी फसते तेबी सांगते काय?"

पंधरा दिवस ते सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. वडनेरच्या बाजाराची गर्दी, पाण्याखाली जाणारे पूल, सगळं त्यांनी हातचं न राखता दिलं. शंकरचं जेवण इंजिनिअरांनी खोडलं. "हे गणितात बसत नाही," म्हणाले. सोळाव्या दिवशी मालकाने मास्तरांना शाल दिली आणि घरी बसवलं. कुणाला लाज वाटली नाही. शाल मीच आणली होती.

महिनाभरात शंकरची गाडी लोणारच्या अलीकडे आतल्या रस्त्यावर चिखलात रुतली. तो सगळ्यात जवळचा रस्ता होता ना! दुपारचे दोन वाजलेले, जवळ ढाबा नाही, फोनवर त्याला धड बोलता येईना. मालकाने निर्लज्जपणे मास्तरांनाच फोन लावला. मास्तरांनी तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याला सांगितलं, "आधी गूळ ने, मंग भाकर. ट्रॅक्टर मागून येऊ दे."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन ओरडलो, "कशाला उचलला फोन? निस्तरू द्यायचं होतं त्यांचं त्यांना!"

"काऊन बे? गाडी मालकाची हाय. शंकर थोडाच मालकाचा हाय?"

मला त्यांचाही राग आला. असल्या माणसांच्या जिवावरच असले मालक माजतात.

पुढच्या बैठकीत इंजिनिअरांनी पडद्यावर तीच गाडी दाखवली. अडकलेली गाडी तासाभरात निघाली, हे नव्या यंत्रणेचं यश, असं मालक म्हणाला. मास्तरांचं नाव कुणी घेतलं नाही. खरं काय घडलं ते त्या खोलीत मालकाला आणि मला माहीत होतं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.