कोचने दिलेला शब्द

कोचला काढलं त्या रविवारी सकाळी मी मटार सोलत होते. मुलाचा मेसेज आला, दोनच शब्दांचा: "कोच फायर्ड." मी तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि उरलेले मटार सोलले. मला काही वाटलं नाही. अजूनही नीटसं काही वाटत नाही, म्हणून लिहून बघते आहे.

आमचा मुलगा त्याच्या कॉलेजच्या टीमचा किकर. अमेरिकन फुटबॉल हा नावालाच फुटबॉल, सगळा कारभार हातांनी आणि धक्काबुक्कीने चालतो. दांडगी मुलं एकमेकांच्या अंगावर पडत चेंडू पुढे नेतात आणि अडली की आमच्या सडपातळ मुलाला बोलावतात. त्याने लाथ मारून चेंडू दोन खांबांच्या मधून घालवायचा, की तीन पॉइंट मिळाले. गेला तर त्याचं नाव कुणी घेत नाही, चुकला तर सगळे घेतात. आम्ही राहतो त्या अर्विंगच्या शाळेत सॉकर खेळता खेळता तो यात कधी शिरला ते आम्हाला उशिराच कळलं.

इथली पद्धत अशी, की जो मुलगा टीममध्ये हवा असेल त्याच्या घरी कोच स्वतः येतो, सोफ्यावर बसतो, आईच्या हातचं खातो. मुलगी बघायला येतात तसंच ते सगळं, फक्त पसंती आधीच झालेली असते आणि मान आपल्याला मिळतो. हा कोचही त्या कॉलेजात नवाच लागलेला होता. आडव्या अंगाचा माणूस. कुणी न सांगता त्याने दारात बूट काढले, तर एका मोज्याला भोक होतं. तेवढ्यावरच मला तो आवडला. बटाटेवडे त्याने मागून घेतले, मिरचीने नाक लाल झालं तरी थांबला नाही.

माझ्या नवऱ्याला गॅरंटी मागायची खोड आहे. गादी घ्यायला गेला तरी आधी गॅरंटी विचारतो. मी त्यावरून त्याला कायम छेडते, पण त्याचंही चुकत नाही. इथे आल्यापासून त्याचं आयुष्य व्हिसाच्या मुदतवाढीवर चाललं आहे. कंपनी म्हणते बघू, वकील म्हणतो बघू, ग्रीन कार्डचा नंबर लागेल तेव्हा लागेल. त्या दिवशीही त्याने विचारलंच. तुम्ही माझ्या मुलाला घ्याल आणि पुढच्या वर्षी दुसरा कुणी आणाल, मग याने काय करायचं? मी टेबलाखालून त्याला पाय मारला.

कोचने बशी खाली ठेवली, हात पुसला आणि पुढे केला. "सर, मी या कॉलेजात आहे तोवर किक तुमचा मुलगाच मारेल. शब्द देतो."

नवऱ्याने तो हात बराच वेळ सोडला नाही. कोच गेल्यावर म्हणाला, ही काळ्या दगडावरची रेघ समज. इतकं खूश मी त्याला फार क्वचित पाहिलं आहे.

असा शब्द त्या माणसाने घरोघरी दिला होता हे आम्हाला नंतर इतर आईबापांकडून कळलं. आणि तो पाळतही होता, गोची तिथेच झाली. हल्ली कॉलेजचे खेळाडू आयटीवाल्यांनी कंपनी बदलावी तसं कॉलेज बदलतात. दुसरे कोच दरवर्षी बाहेरून तयार, तगडी मुलं आणतात आणि आपली जुनी बाकावर बसवतात. आमच्या कोचला ते जमेना. एका मुलाला बसवायचं म्हणजे कुठल्या तरी घरात जेवून दिलेला शब्द मोडायचा. पहिल्या वर्षी सगळे म्हणाले, काय निष्ठावान माणूस आहे. नव्याचे नऊ दिवस. दुसऱ्या वर्षी टीम जिंकण्यापेक्षा हरायला जास्त लागली. तिसऱ्या वर्षी अर्ध्या मॅचमध्येच स्टेडियम रिकामं व्हायचं आणि पॉइंट झाल्यावर वाजवायचा बँड नुसता बसून असायचा.

कारणं प्रत्येकाकडे होती. पेपरवाले म्हणायचे डावपेच जुने आहेत. मंडळाच्या गणपतीत एक काका, ज्यांनी आयुष्यात क्रिकेटशिवाय काही पाहिलं नाही, माझ्याकडून भात वाढून घेता घेता मला कोचच्या चुका समजावून गेले. मी हो हो म्हटलं. माझं लक्ष एवढ्यावरच होतं, की कोच टिकला तर आपल्या मुलाची जागा टिकली.

याच तिसऱ्या वर्षी मुलाच्या मांडीचा स्नायू दुखावला. एक किक चुकली, मग आणखी एक. टीममध्ये पहिल्या वर्षाचा, इथे फ्रेशमन म्हणतात तसा, एक मुलगा होता, प्रॅक्टिसमध्ये तो म्हणे कुठूनही मारतो. पण प्रत्येक मॅचला आमचाच मुलगा उतरायचा. नवरा म्हणायचा, बघ, याला म्हणतात माणूस.

शेवटच्या मॅचला आम्ही गाडीने गेलो. शनिवारची दुपार होती, थंडी होती. टीम दोन पॉइंटनी मागे आणि शेवटची संधी. किक आत गेली असती तर जिंकलो असतो, आणि कोचलाही कदाचित आणखी एक वर्ष मिळालं असतं. मुलगा कडेला कोचजवळ बोलत उभा दिसला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग हेल्मेट घालून मैदानात आला. "त्यालाच पाठवलं," नवरा उठून उभा राहत म्हणाला.

चेंडू डावीकडून बाहेर गेला. कुणी ओरडलंसुद्धा नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने जॅकेटची चेन वर ओढली आणि पिशवी उचलली. मीही माझी उचलली. दुसऱ्या दिवशी तो मेसेज आला.

डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा घरी आला. एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि कोचचा फोन आला. नवऱ्याने तो स्पीकरवर टाकला. ज्या ज्या घरी शब्द दिला होता तिथे तो एकेक करून फोन करत होता. म्हणाला, मी आहे तोवर असं म्हटलं होतं, आता मी नाही. पुढचं माझ्या हातात नाही, माफ करा. तुम्ही शब्द पाळलात, आम्ही विसरणार नाही, असं नवरा दोनदोनदा म्हणाला. फोन ठेवून मुलाला म्हणाला, अशी माणसं मिळत नाहीत.

मुलगा ताटाकडे बघत होता. म्हणाला, "बाबा, मी त्यांना सांगितलं होतं, मला नका पाठवू. माय लेग वॉज गॉन. त्या फ्रेशमनला पाठवा म्हणून मी बेग केलं त्यांना."

"मग?" नवरा म्हणाला.

"ही सेड, आय शुक युवर डॅड्स हँड."

आमटीवर पापुद्रा धरत होता, ती मी ढवळली. कोचचा राग यायला हवा होता, आला नाही. कीव यायला हवी होती, तीही आली नाही. या देशात इतकी वर्षं काढली, आम्हाला शब्द देणारा हा एकच माणूस भेटला. त्याने तो शेवटच्या किकपर्यंत पाळला, आणि ज्याच्यासाठी दिला होता तो समोर उभा राहून नको म्हणत होता.

थोड्या वेळाने मुलाने सांगितलं, नव्या कोचने सगळ्यांना कळवलं आहे, कुणाचीही जागा पक्की नाही. सगळ्यांनी पुन्हा ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी द्यायची. "आय ॲम ओके विथ दॅट," तो म्हणाला. "झोप लागते आता."

मला वाटलं, आता नवरा विचारेल, मग गॅरंटी काय? मी वाट पाहिली. त्याने विचारलं नाही.